अनोळखी विक्रेत्याला ऑनलाइन पैसे पाठवताना: आधी काय तपासायचं, नंतर काय

फसलेली माणसं निष्काळजी असतात असं आपण धरून चालतो. माझ्याकडे मदत मागायला आलेल्यांत तसं क्वचितच कुणी होतं. बहुतेकांनी फोटो नीट पाहिलेले असतात, विक्रेत्याशी फोनवर बोलणं झालेलं असतं, काहींनी तर त्याचं ओळखपत्रसुद्धा मागवून घेतलेलं असतं. चुकलेला असतो तो क्रम. पैसे कोणत्या मार्गाने द्यायचे हा प्रश्न ते सगळ्यात शेवटी सोडवतात, तोही विक्रेता घाई करत असताना आणि त्याच्याच सांगण्यावरून. हा प्रश्न पहिला यायला हवा. बाकीच्या सगळ्या तपासण्या चुकल्या तरी पैसे परत मिळण्याची वाट उघडी राहते की नाही, ते यावरच ठरतं.

म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. एखादा टप्पा अडला तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: वस्तू बघायच्या आधी पैसे कसे देणार ते ठरवा

पैसे देण्याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात समोरचा तुमच्या खात्यातून रक्कम ओढून घेतो, दुसऱ्यात तुम्ही स्वतः ती ढकलता. कार्डाने पैसे देता तेव्हा विक्रेत्याची बँक तुमच्या बँकेकडे रक्कम मागते. मधे कार्ड नेटवर्कचे नियम असतात आणि त्या नियमांत रक्कम उलट फिरवण्याची सोय असते. तिला चार्जबॅक म्हणतात. बँक ट्रान्सफरमध्ये अशी मागणी कुणी केलेलीच नसते. खातं तुमचं, पासवर्ड तुमचा, आदेश तुमचा. बँकेच्या दृष्टीने व्यवहार बिनचूक झालेला असतो, म्हणून तक्रार केल्यावर पहिला प्रश्न येतो, "पण पाठवले तुम्हीच ना?"

हे लक्षात ठेवून मार्गांची उतरंड लावा.

परत मिळण्याची वाट असलेले मार्ग. पहिलं क्रेडिट कार्ड, त्याखालोखाल डेबिट कार्ड. वस्तू आलीच नाही किंवा सांगितली त्याहून वेगळी आली, तर व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत वाद उभा करायला साधारण १२० दिवस मिळतात. तुमची बँक याहून कमी मुदत लावू शकते, तेव्हा आधीच विचारून ठेवा. खरेदी-विक्रीच्या मंचाची स्वतःची पेमेंट सोय असेल आणि वस्तू पोचेपर्यंत मंच पैसे अडवून ठेवत असेल, तर तीही चांगली. पेपाल या पेमेंट ॲपमध्ये 'वस्तू आणि सेवा' या प्रकारात दिलेल्या पैशांवर १८० दिवसांपर्यंत वाद उघडता येतो.

देशागणिक बदलणारे मार्ग. बँक ट्रान्सफर यात येते. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून पाठवायला लावलेले पैसे ठरावीक अटींवर बँकांनी भरून द्यायचे असा नियम आहे. कमाल मर्यादा ८५ हजार पौंड, आणि पैसे देशातल्या देशात गेलेले असले तरच. असा नियम सगळीकडे नाही. तुमच्या देशात नसेल तर बँक ट्रान्सफरला पुढच्या गटात टाका.

गेले ते गेले. काउंटरवर रोख उचलता येणारी मनी ट्रान्सफर, गिफ्ट कार्डाचे आकडे, बिटकॉइन किंवा कुठलंही आभासी चलन, आणि पेमेंट ॲपमधला 'मित्र व कुटुंब' हा प्रकार. बिटकॉइनचा व्यवहार एकदा नोंदला गेला की तो उलटवणारी कुणी संस्थाच नाही. रोख उचलायची मनी ट्रान्सफर तर ठगांच्या इतकी सोयीची ठरली होती, की वेस्टर्न युनियनला त्यासाठी जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड करून ५८ कोटी ६० लाख डॉलर भरावे लागले. ओळखीच्या माणसालाच पैसे पाठवा, असं या कंपन्या आता स्वतःच सांगतात. सेवा वाईट नाही. ती घरच्या माणसाला पैसे पाठवण्यासाठी आहे, अनोळखी माणसाकडून खरेदी करण्यासाठी नाही, एवढंच.

'मित्र व कुटुंब' या प्रकाराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण शहाणीसुरती माणसं इथेच अडकतात. माझ्या मावसभावाने वापरलेली कॅमेऱ्याची लेन्स घ्यायचं ठरवलं. तीन दिवस त्याने छाननी केली. विक्रेत्याचं प्रोफाइल जुनं होतं, फोनवर माणूस शांतपणे, माहितीने बोलत होता. शेवटी पैसे द्यायच्या वेळी निरोप आला: "दादा, फॅमिलीमध्ये टाका ना, नाहीतर कंपनी उगाच कमिशन खाते. तेवढे मी किमतीत कमी करतो." चार मिनिटांत पैसे गेले. लेन्स आली नाही. तक्रार केल्यावर ॲपकडून उत्तर मिळालं, ही खरेदी नव्हतीच, ही भेट होती, आणि भेटीला संरक्षण नसतं. नियमाला धरूनच होतं ते. तीन दिवसांची मेहनत त्या एका बटणावर वाया गेली.

> इशारा: पैसे देण्याचा प्रकार बदलायच्या बदल्यात सवलत मिळत असेल, तर ती सवलत तुमचं संरक्षण विकत घेण्याची किंमत आहे. नाही म्हणा.

> तपासा: कागदावर एक ओळ लिहा: 'मी फक्त अमुक मार्गाने पैसे देणार.' विक्रेत्याशी बोलणं सुरू करताना दुसऱ्या-तिसऱ्या निरोपातच ती त्याला सांगा. ठगाला हे परवडत नाही. बरेचसे इथेच गळतात आणि तुमचा वेळ वाचतो.

## टप्पा २: बोलणं सुरू करण्याआधीची तयारी

ही अर्ध्या तासाची कामं आहेत, पण आधीच करायची.

१. ऑनलाइन खरेदीसाठी एक कार्ड किंवा खातं वेगळं ठेवा. पगार जमा होतो किंवा बचत असते ते खातं नको.

२. त्या खात्याची रोजची मर्यादा खाली आणा. बहुतेक बँकांच्या ॲपमध्ये ही सोय असते. मर्यादा वाढवायला लागणारा वेळ हाच विचार करायचा वेळ.

३. बँकेचा फसवणूक-तक्रारीचा नंबर कार्डाच्या मागून किंवा बँकेच्या ॲपमधून घेऊन फोनमध्ये जतन करा. ऐन वेळी सर्च इंजिनवर शोधू नका, तिथे ठगांनी पेरलेले नंबरही सापडतात.

४. एक फोल्डर उघडा. जाहिरात, विक्रेत्याचं प्रोफाइल, पूर्ण संभाषण यांचे स्क्रीनशॉट त्यात टाकत जा. जाहिरात दिसताक्षणी घ्या. फसवणूक झाल्यावर ती काढून टाकलेली असते, आणि मग बँकेला दाखवायला हातात काही उरत नाही.

५. एक माणूस ठरवा, ज्याला पैसे पाठवायच्या आधी फोन करायचा. तो तज्ज्ञ असायची गरज नाही. त्याला ती वस्तू नको आहे, एवढंच पुरेसं.

## टप्पा ३: वस्तू त्याच्याकडे खरंच आहे का?

जाहिरातीतला प्रत्येक फोटो गूगल लेन्स आणि टिनआय या दोन्ही फोटो-शोध सेवांवर टाका आणि तो आधी कुठे वापरला गेलाय ते पाहा. एकाला सापडत नाही ते दुसऱ्याला सापडतं. तोच फोटो दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत निघाला तर विषय संपला. वर्णनातलं एखादं जरा वेगळं वाक्य उचलून अवतरणचिन्हांत टाकून शोधा. चोरलेल्या वर्णनांचे शब्द बऱ्याचदा जसेच्या तसे असतात.

काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असं मात्र धरू नका. फोटो आरशासारखा उलटवला, कडा कापल्या किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने नवा बनवला, तर शोध हात टेकतो. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची: तुम्ही सांगाल तसा नवा फोटो मागा. 'अजून फोटो पाठवा' असं म्हटलं तर मूळ जाहिरातीतलेच उरलेले फोटो येतात. मागणी अशी हवी, जी आधीपासून कुणाकडे तयार असूच शकत नाही. उदाहरणार्थ: वस्तू डाव्या कुशीवर ठेवा, शेजारी हाताने लिहिलेली आजची तारीख आणि माझं नाव, आणि अनुक्रमांक दिसेल असा जवळून घेतलेला एक फोटो. शक्य असेल तर थेट व्हिडिओ कॉल करा, आणि कॉलवर वस्तू चालू करून, उलटसुलट करून दाखवायला सांगा.

फोन किंवा वाहन असेल तर क्रमांक हवाच. मोबाइलवर स्टार, हॅश, ०, ६, हॅश असं डायल केलं की १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. हे व्हिडिओ कॉलवर करायला सांगा, आणि तो क्रमांक चोरीच्या यादीत आहे का ते तुमच्या देशातल्या सोयीवर पाहा. १९८१ नंतरच्या बहुतेक मोटारींना १७ अक्षर-अंकांचा वाहन ओळख क्रमांक (पाटीवरचा नव्हे, चासीवरचा) असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही तीन रोमन अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. विक्रेत्याने पाठवलेल्या क्रमांकात यातलं एखादं दिसलं तर क्रमांक रचलेला आहे, नाहीतर उतरवताना तरी चुकला आहे. नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहा.

> इशारा: 'मी सध्या बाहेरगावी आहे', 'वस्तू भावाकडे आहे', 'माझा कॅमेरा बिघडलाय', 'जहाजावर नोकरी आहे'. यातलं प्रत्येक कारण कुणाच्या तरी बाबतीत खरं असू शकतं. तरीही निष्कर्ष एकच: वस्तू दाखवता येईपर्यंत पैसे नाहीत. कारण खरं असेल तर तो चार दिवसांनी दाखवेल.

> तपासा: याच वस्तूच्या निदान पाच जाहिराती पाहा. मागितलेली किंमत त्या सगळ्यांच्या खूप खाली असेल, तर 'एवढी स्वस्त का?' असं सरळ विचारा. खऱ्या विक्रेत्याच्या उत्तरात वस्तूतला एखादा दोष येतो. ठगाच्या उत्तरात स्वतःची करुण कहाणी येते.

## टप्पा ४: माणूस तोच आहे का?

प्रोफाइल जुनं आहे, प्रतिक्रिया चांगल्या आहेत, एवढ्यावर थांबू नका. चोरलेली जुनी खाती हे ठगांचं आवडतं हत्यार आहे. प्रतिक्रिया उघडून तारखा पाहा. चार वर्षांपूर्वीपर्यंत तो लहान मुलांचे कपडे विकत होता, मग शांतता, आणि या आठवड्यात अचानक तीन लॅपटॉप, असं चित्र दिसलं तर खातं दुसऱ्याच्या हातात गेलेलं असू शकतं. भाषा बदलली आहे का, तेही पाहा.

ओळखपत्राचा फोटो हा पुरावा नाही. हे पटवून देताना मला नेहमी त्रास होतो, कारण ओळखपत्र पाहिलं की मनाला बरं वाटतं. पण तो फोटो आला कुठून? बहुधा तुमच्याआधी फसलेल्या माणसाकडून. ठग म्हणतो, "मी माझं पाठवतो, तुम्ही तुमचं पाठवा, म्हणजे दोघांचा विश्वास." तुम्ही पाठवता, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला 'विक्रेता' म्हणून तुमचं ओळखपत्र जातं. आपलं ओळखपत्र अनोळखी विक्रेत्याला कधीही पाठवू नका. वस्तू घेणाऱ्याला त्याची गरजच नसते.

संभाषण मंचाच्या आतच ठेवा. तिथून बाहेर, दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर या, अशी विनंती पहिल्या पाच मिनिटांत आली तर त्यामागे कारण असतं: मंचावर खात्याची तक्रार झाली की संभाषण मंचाला दिसतं, बाहेर काहीच दिसत नाही. शिवाय व्यवहार मंचाबाहेर केलात की खरेदीदार-संरक्षण सहसा उडतं.

## टप्पा ५: लिंक आली तर

विक्रेत्याने दुकानाची, कुरिअरची किंवा पेमेंटची लिंक पाठवली तर तीवर न जाता पत्ता स्वतः टाइप करा. लिंक उघडावीच लागली तर दोन गोष्टी पाहा.

पत्ता उजवीकडून वाचा. सुरुवातीचं https:// सोडून येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेषेच्या आधीचे, टिंबांनी वेगळे झालेले शेवटचे दोन तुकडे (शेवट .co.in सारखा असेल तर तीन) खरे मालक सांगतात. त्याच्या डावीकडे कितीही प्रसिद्ध नाव लावता येतं. आणि डोमेन, म्हणजे साइटचं ते नाव, कधी नोंदवलं गेलं ते आयकॅन या इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या शोधपानावर फुकट पाहता येतं. 'वीस वर्षांचा विश्वास' असं मिरवणाऱ्या दुकानाचं डोमेन गेल्या महिन्यातलं असेल तर पुढे काही बघायला नको.

काही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलूपाच्या चिन्हाला भुलू नका. त्याचा अर्थ फक्त एवढाच, की तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कुणी डोकावत नाही. साइट ठगाची असली तरी कुलूप दिसतं, कारण त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. या गैरसमजामुळेच गूगलने २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून कुलूपाचं चिन्ह काढून टाकलं.

## टप्पा ६: मध्यस्थ आणि 'पावती दाखवा'चा सापळा

मोठ्या रकमेच्या खरेदीत मध्यस्थाकडे पैसे ठेवणं योग्यच आहे. त्याला एस्क्रो म्हणतात: खरेदीदार मध्यस्थाकडे पैसे भरतो, विक्रेता वस्तू पाठवतो, वस्तू पसंत पडली की मध्यस्थ पैसे सोडतो. नियम एकच पाळा: मध्यस्थ तुम्ही निवडायचा. विक्रेत्याने सुचवलेली एस्क्रो साइट ही बऱ्याचदा त्यानेच उभारलेली असते. तिच्यावर ग्राहक सेवा असते, चॅटवर कुणीतरी गोड बोलतं, व्यवहार क्रमांकही मिळतो. परवाना देणाऱ्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन कंपनीचं नाव शोधा. साइटवर छापलेला परवाना क्रमांक पाहून समाधान मानू नका. आणि एस्क्रो कंपनी खासगी माणसाच्या नावावरच्या खात्यात पैसे भरायला सांगत असेल, तर ती एस्क्रो नव्हे.

दुसरा सापळा जुना आहे, पण अजून चालतो, कारण त्यात पैसे विक्रेत्याला पाठवायचेच नसतात. विक्रेता म्हणतो, "मला पैसे आता नकोत. पण तुमच्याकडे खरंच आहेत का, हे मला कळायला हवं. असं करा, तुमच्या बायकोच्याच नावाने मनी ट्रान्सफर करा. पैसे घरातच राहतील. मला फक्त पावतीचा फोटो पाठवा." ऐकायला निर्धोक वाटतं. पैसे तर आपल्याच माणसाच्या नावाने गेले!

आता पावतीवर काय काय असतं ते जवळून पाहा. पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, रक्कम, देश आणि व्यवहाराचा नियंत्रण क्रमांक. रोख उचलायला काउंटरवर नेमकं हेच विचारतात, आणि घेणाऱ्याच्या नावाचं एक ओळखपत्र. ते नाव तुम्हीच फोटोत दिलंत. ठगाची टोळी त्या नावाचं खोटं ओळखपत्र छापते आणि दुसऱ्याच एखाद्या काउंटरवरून रक्कम उचलते. काही जण सावधगिरी म्हणून क्रमांकावर बोट ठेवून फोटो काढतात; मग दुसरा निरोप येतो, "फोटो धूसर आहे, जरा नीट पाठवा." एखादा अंक दिसायला लागेपर्यंत ही विनवणी चालूच राहते.

> इशारा: तुमच्याकडे पैसे आहेत हे अनोळखी विक्रेत्याला सिद्ध करून दाखवायची काहीही गरज नसते. पावती, पासबुक, शिल्लक यांचा फोटो पाठवू नका.

## टप्पा ७: पैसे पाठवतानाची दहा मिनिटं

सगळं जुळलं, वस्तू खरी, माणूस खरा वाटतो, मार्ग टप्पा १ मधलाच. आता हा क्रम.

१. रात्र जाऊ द्या. ठरवलं त्याच दिवशी पैसे पाठवू नका. 'आणखी दोघं रांगेत आहेत' असं तो म्हणाला तर म्हणू द्या.

२. टप्पा २ मधल्या माणसाला फोन करा आणि व्यवहार मोठ्याने सांगा. सांगतानाच एखादी गोष्ट स्वतःला खटकते, हे मी कितीदा पाहिलंय.

३. बँक ट्रान्सफर करणारच असाल तर खातेदाराचं नाव जुळवा. ब्रिटनमध्ये २०२० पासून, भारतात आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी १ एप्रिल २०२५ पासून, युरो वापरणाऱ्या देशांत ९ ऑक्टोबर २०२५ पासून, पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव ताडून पाहायची सोय बँकांनी सुरू केली आहे. नाव जुळत नाही असं दिसलं की तिथेच थांबा. 'ते माझ्या मेव्हण्याचं खातं आहे', 'कंपनीच्या हिशोबनिसाचं आहे' ही उत्तरं चालवून घेऊ नका. असं खातं बहुतेकदा भाड्याने घेतलेलं असतं, आणि पैसे त्यातून काही मिनिटांत पुढे जातात.

४. खात्याचा देश पाहा. आयबॅन (युरोप आणि इतर काही देशांत वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) असेल तर त्याची पहिली दोन अक्षरं देश सांगतात. विक्रेता जर्मनीत असल्याचं सांगतो आणि क्रमांक एलटी म्हणजे लिथुआनियाने सुरू होतो, तर आधी खुलासा हवा. काही प्रामाणिक माणसंही परदेशी ऑनलाइन बँका वापरतात, म्हणून हा एकटा पुरावा नाही. पण प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला, तर तो मात्र पुरावा धरा.

५. व्यवहाराचं कारण खरं लिहा. 'जुना लॅपटॉप, क्रमांक अमुक'. बँकेने इशारा दाखवला तर तो वाचा. विक्रेता म्हणाला की बँकेने विचारलं तर 'नातेवाइकाला पाठवतोय' असं सांगा, तर फोन ठेवा. स्वतःच्या बँकेशी खोटं बोलायला लावणारा माणूस ठगच असतो, याला मी आजवर अपवाद पाहिलेला नाही.

६. पैसे देताना कुणालाही तुमची स्क्रीन दाखवू नका, आणि दुरून फोन चालवता येणारं एनीडेस्कसारखं ॲप त्याच्या सांगण्यावरून टाकू नका.

> इशारा: 'आधी थोडीच रक्कम पाठवून बघा' हा उपाय लोकांना सुरक्षित वाटतो. पण छोटी रक्कम नीट पोचली, याने खातं चालू आहे एवढंच कळतं. त्यावरून विक्रेता खरा ठरत नाही. विसार म्हणून दिलेली रक्कमसुद्धा गेली तर चालेल एवढीच ठेवा.

## टप्पा ८: पैसे गेले, वस्तू यायची आहे

इथे बहुतेक जण सुटकेचा निःश्वास टाकतात. घाई करू नका. पैसे दिल्यावर मागाहून आलेला कुठलाही खर्च भरू नका: जकात, विमा, 'परत मिळणारी' अनामत. पाळीव प्राण्यांच्या खोट्या विक्रीत हे ठरलेलं असतं. आधी पिल्लाचे पैसे, मग खास पिंजऱ्याचे, मग लसीकरणाच्या दाखल्याचे. प्रत्येक वेळी वाटतं, एवढे गेलेच आहेत, अजून थोडे. जकात खरंच लागली तर ती कुरिअर कंपनी किंवा सरकार मागतं, विक्रेता नव्हे. कुरिअरचा क्रमांक त्या कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून पाहा.

पार्सल आलं की, उघडण्याआधी त्याचा सहा बाजूंनी व्हिडिओ घ्या. लेबल आणि वजन दिसू द्या. मग न थांबता, त्याच व्हिडिओत उघडा. चार्जबॅकच्या वादात हा व्हिडिओ जितका कामी येतो तितकं दुसरं काही येत नाही. एक गोष्ट माहीत असावी: काही ठग मुद्दाम रिकामं पाकीट तुमच्याच भागातल्या भलत्या पत्त्यावर पाठवतात, म्हणजे नोंदीत 'पोचलं' असं दिसतं. तसं झालं तर कुरिअरकडून नेमक्या पत्त्याचा, सहीचा आणि वजनाचा दाखला लेखी मागा.

> तपासा: वस्तू हातात घेऊन, चालवून पाहीपर्यंत मंचावर 'मिळाली' हे बटण दाबू नका. ते दाबलं की अडवलेले पैसे सुटतात. वाद उघडायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा. 'उद्या नक्की पाठवतो' म्हणत मुदत उलटून जाईपर्यंत खेळवणं हीच काहींची पद्धत असते.

## टप्पा ९: फसवणूक झालीच, तर पहिला तास

विक्रेत्याशी भांडत बसू नका. तो सावध होतो आणि पैसे लवकर हलवतो. क्रम असा:

१. आधी बँकेला फोन. 'फसवणूक' हा शब्द वापरा आणि पैसे परत मागवायची विनंती नोंदवा. पैसे समोरच्या खात्यात असतील तर बँका ते गोठवू शकतात. तिथून काढले गेले तर फार काही उरत नाही. म्हणून मिनिटं मोजायची. तक्रार क्रमांक लिहून घ्या. मनी ट्रान्सफर केली असेल तर त्या कंपनीला फोन करा. रक्कम अजून उचलली नसेल तर थांबवता येते. गिफ्ट कार्ड असेल तर ते विकणाऱ्या कंपनीला कार्ड क्रमांक आणि बिल द्या.

२. मग सरकारी तक्रार. भारतात १९३० हा नंबर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. अमेरिकेत एफबीआयचं इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्र. ब्रिटनमधला १५९ हा नंबर सरकारी तक्रारीचा नाही, पण त्यावरून बहुतेक बँकांशी थेट जोडून मिळतं. विक्रेता आणि तुम्ही वेगवेगळ्या देशांत असाल तर ईकन्झ्युमर डॉट गव्ह या साइटवरही नोंद करा. अनेक देशांच्या ग्राहक संरक्षण संस्था ती मिळून चालवतात.

३. मंचावर खात्याची तक्रार करा, पण त्याआधी संभाषण पूर्ण जतन करा.

४. पासवर्ड, पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर पासवर्ड आणि पिन लगेच बदला. दुरून फोन चालवणारं ॲप टाकलं असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा. 'रिफंड पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका' असं तो अजूनही म्हणत असेल तर ऐकू नका. पैसे मिळवायला पिन लागत नाही.

५. घरच्यांना सांगा. लाजेपोटी दोन दिवस गप्प राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या दोन दिवसांत पैसे तीन खात्यांतून पुढे गेलेले असतात.

यानंतर काही आठवड्यांनी एक फोन येऊ शकतो. बोलणारा स्वतःला वकील, सायबर तज्ज्ञ किंवा तपास अधिकारी म्हणवतो. तुमची रक्कम आणि तारीख त्याला अचूक माहीत असते. पैसे सापडलेत, ते सोडवायला थोडं शुल्क भरा, एवढंच तो सांगतो. त्याला हे सगळं माहीत असण्याचं कारण साधं आहे: फसलेल्यांची यादी त्याच टोळीकडून आलेली असते. काहीही भरू नका, काहीही सांगू नका. कॉल आला तो नंबर, वेळ आणि त्याने सांगितलेलं नाव टिपून घ्या आणि ते तुमच्या आधीच्याच तक्रार क्रमांकाला जोडा.